पांढऱ्या पेशींची गल्ली

धुळ्याच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. वाहत्या रक्तातली पांढरी पेशी वाहिनीच्या भिंतीला कशी चिकटते, हे दरवर्षी फळ्यावर काढतो. ते खरं समजलं मात्र दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात, वडिलांना आणायला गेलो तेव्हा.

आबांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. डॉक्टरांनी काढला, पण पाऊल सुजलेलंच. आई गेल्यापासून ते एकटे. त्यांना कायमचं न्यायचं, असं मी ठरवलं होतं. सांगताना मात्र "पाय बरा होईपर्यंत" म्हणालो.

बसथांब्यापर्यंत एकच गल्ली. पहिल्या ओट्यावरून हाक आली, "कथा चालनात आबा?" कुठे निघालो ते सांगायला आबा मंदावले. पुढच्या ओट्यावरच्या अक्कांनी पाय बघितला, आणखी मंदावले. अडकत, सुटत, घरंगळत चालले होते, थेट पेशीसारखे! सूज असते तिथली भिंत असेच हात पुढे करते. पेशीला धरते, सोडते, पुन्हा धरते.

शेजारच्या नानांनी तर मनगटच पकडलं. "चाय पीसन जा ना!"

"नाना, बस जाईल," म्हणत मी आबांची दुसरी बाही ओढली. मी ओढावं तशी नानांची पकड घट्ट. काही रेणूंचंही असंच असतं. प्रवाहाने ओढ लावली की त्यांचे बंध सुटायच्या ऐवजी आवळतात. वर्गात कुणाला हे पटत नाही. मी तिथेच दोघांना समजावून सांगितलं.

आबांनी विचारलं, "मंग त्या पेशीले चाय भेटस का?"

"चहा नाही. ती भिंतीतून आत जाते, गरज असते तिथे."

"तुना धुळाम्हा माले कोन धरी?"

मला आमच्या जिन्यातली बंद दारं आठवली. समोरच्यांचं आडनाव मला पाटीवरूनच ठाऊक. तेवढ्यात नानांना माझ्या पिशवीतून लोंबणारी आबांची लोकरीची बाही दिसली.

"आरे, उन्हायाम्हा स्वेटर! आबा, तुमले कायमना लई चालना हाऊ!"

कायमचं न्यायचं हे ऐकताच आबांनी माझ्या हातातून बाही सोडवली. पायरी चढून नानांच्या घरात शिरले. बस गेली.

संध्याकाळी बायकोला फोनवर सांगितलं, "आबा चिकटले." ती हसली. मलाही सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही. आता दर रविवारी आबांच्या पायाची पट्टी बदलायला जातो. नाना मला हात लावू देत नाहीत.