हातमोज्याचे सुटे सूर

लोखंडी गेट आणि जिने बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे हातमोजा म्हणत. ग्राइंडर हातात घेण्याआधी आत एक मऊ आणि वर एक जाड चामड्याचा असे दोन-दोन मोजे चढवणारा माणूस, दुसरं काय म्हणणार? वेल्डर तर रोज हटकायचा, "राजे, एवढी काळजी आहे तर बोटं लॉकरमध्ये ठेवून येत जा की."

हातमोजा हसून सोडून द्यायचा. दिवसभर लोखंड घासणारी तीच बोटं संध्याकाळी गिटार धरायची, म्हणून त्याने ती तळहाताच्या फोडासारखी जपली. मुकादम कानात घालायला बोळेही द्यायचा. ते मात्र खिशातच राहायचे. कोंडल्यासारखं होतं म्हणे! माणूस कुठे शहाणपण करेल आणि कुठे माती खाईल, सांगता येत नाही.

तरुणपणापासूनचा त्याचा आणि मित्रांचा एक छोटा बँड होता. ड्रमवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र, तालीम त्याच्याच गॅरेजमध्ये चालायची. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवून झाल्यावर यंदा टाउन हॉलमध्ये स्वतःची एक रचना वाजवायची असं ठरलं, आणि तिच्या मधोमध हातमोज्याचा सोलो होता. सोलो स्वीपचा. म्हणजे पिक, ती तारा छेडायची छोटी चकती, सगळ्या तारांवरून एका ओघात खाली ओढायचा आणि तसाच वर आणायचा, आणि डाव्या हाताचं बोट सूर वाजला रे वाजला की उचलायचं. उचलायला उशीर झाला की एक सूर दुसऱ्यात शिरतो आणि सगळ्याचा लगदा होतो. पन्नाशीत हा कसला हट्ट, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. आपल्या हातून एकदा तरी हे नीट व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. ड्रमवाला मात्र व्यवहारी. "स्वच्छ आला तर तुझा, नाहीतर तेवढा तुकडा कीबोर्डवर घेऊ," त्याने आधीच बजावलं होतं.

हातमोजा सोलोच्या हात धुऊन मागे लागला. मोकळ्या तारा घुमू नयेत म्हणून गिटारच्या मानेवर जुना पायमोजा बांधला. चुका झाकल्या जाऊ नयेत म्हणून ॲम्पची घरघर कमी केली. लय इतकी संथ ठेवली की शेजारचं पोरगंही कंटाळलं असतं. तरी लगदाच. मग त्याने पिक बदलला, तारा बदलल्या, आणि आवाज धारदार व्हावा म्हणून ॲम्पवरची ट्रेबलची, म्हणजे बारीक आवाज वाढवायची, खुंटी थोडी थोडी करत टोकाला नेली. बोटांना तर त्याने काय काय शिव्या घातल्या!

"सूर नीट येतायत रे, पण आवाज टोचतोय," ड्रमवाला एकदा म्हणाला.

"मन राखू नकोस. आणि कान तपासून घे," याने उलट सुनावलं.

त्याचा मेट्रोनोम, ते लयीची टिकटिक करणारं यंत्र, कधीचाच मुका झाला होता. लय दाखवणारा दिवा तेवढा लुकलुकायचा आणि त्यावर तो भागवून न्यायचा. एका रविवारी सकाळी तो असाच दिव्याकडे बघत बसला होता. आत बायको शेंगा सोलत होती.

"अहो, ती टिकटिक जरा बंद करा ना. डोकं उठलंय."

"कसली टिकटिक?"

"कसली म्हणजे? ते तुमचं यंत्र. रोजच करतं."

त्याने मेट्रोनोम उचलून आधी एका कानाला लावला, मग दुसऱ्याला. दिवा लुकलुकत होता. बायको हात पुसत दाराशी आली आणि तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

कानाच्या डॉक्टरबाईंनी त्याला एका बंद खोलीत बसवून हेडफोन घातला आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. अंगठा बराच वेळ बटणावर नुसताच राहिला. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "बारीक, वरचे आवाज गेलेत. मशीनजवळ काम करता ना? बोलणं कळायला यंत्र देता येईल. पण गेलेलं परत येत नाही."

म्हणजे सुराच्या तोंडाशी पिकचा जो टोकदार स्पर्श असतो, ज्याने एक सूर दुसऱ्यापासून सुटा होतो, तो त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. जपायचं ते जपलं नाही, आणि बिचाऱ्या बोटांना उगाच बोल लावला.

तिथून तो सरळ गॅरेजवर गेला आणि मित्राला सगळं सांगितलं. "आता खरं सांग. सोलो कसा आहे?"

ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. "कधीचाच स्वच्छ झालाय. सांगितलं होतं रे तुला."

"मग माझा आहे?"

"तुझाच आहे. फक्त त्या खुंटीला आता तू हात लावायचा नाहीस."

मित्राने स्वतःच्या कानाने आवाज बसवला आणि खुंटी हलली तर कळावं म्हणून गेटला लावायच्या रंगाचा एक ठिपका तिच्यावर देऊन ठेवला.

कार्यक्रमाला हॉल निम्माच भरला होता. सोलो आला तेव्हा हातमोज्याच्या कानांत तोच लगदा होता, किंबहुना ट्रेबल उतरल्यामुळे जास्तच. बोटं सवयीने पडत होती, उठत होती, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही वाजवतात, हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं.

घरी चालत जाताना त्याने बायकोला विचारलं, "कसा झाला?"

"मला यातलं काय कळतं?"

"जेवढं ऐकू आलं तेवढं सांग."

ती त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला आली. थोडा विचार करून म्हणाली, "माळ तुटली की मणी फरशीवर कसे पडतात, एकेक वेगळा? तसं. वर जाताना तसं, खाली येतानाही तसंच."

"आणि सगळ्यात वरचा?"

"तोही आला. तो तर अगदी लख्ख होता."

तो रस्त्याच्या कडेला थांबला. गिटार दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पुन्हा सांग," तो म्हणाला, आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.