जजसाहेबांच्या घरचे अनारसे

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश होते आणि दिवाळीत आमच्या घरी कुणाकडचाही लाडू येत नसे. आला तरी मुक्कामाला राहत नसे. शेजारच्या वहिनी रुमालाने झाकलेलं ताट घेऊन यायच्या, आई दारातच "कशाला त्रास घेतलात" म्हणायची आणि थोड्या वेळाने कोर्टाचा पट्टेवाला तेच ताट, तोच रुमाल, तेच लाडू परत नेऊन द्यायचा. उद्या त्याच वहिनींच्या दिरांचा बांधाचा दावा बाबांपुढे आला तर काय, असा त्यांचा विचार. बदली व्हायची, तालुका बदलायचा, क्वार्टर बदलायचं, नियम तेवढा सामानाबरोबर यायचा. कुणाकडे जेवायला जायचं नाही आणि कुणाला बोलवायचं नाही. जजची मुलगी म्हणून शाळेत मला मान भरपूर होता, मैत्रिणी मात्र नव्हत्या.

खरं नुकसान झालं ते आईचं. घ्यायचं नाही म्हटल्यावर द्यायचंही नाही, कारण आपल्याकडे दिलेलं ताट रिकामं परत येत नाही. आईच्या हाताला चव होती आणि अनारसे तर ती असे करायची की विचारू नका. पण ते खाल्ले फक्त आम्ही घरच्यांनी. "वहिनी, कसे केलेत हो?" असं तिला जन्मात कुणी विचारलं नाही. एकदा तळता तळता म्हणाली होती, "काय सुरेख जाळी पडलीय. आणि बघायला कोण, तर तुम्हीच." हसत म्हणाली होती. ते हसणं आठवलं की मला अजून बाबांचा राग येतो.

आई गेल्यावर बाबांना मी शारजाला, अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. इथे त्यांना काही कमी नव्हतं आणि काही कामही नव्हतं. सकाळी बाल्कनीत बसून दुबईकडे तुंबलेल्या गाड्या बघायच्या, दुपारी एसीत झोपायचं, संध्याकाळी नातीला अभ्यासाचं विचारायचं आणि तिचं इंग्रजी उत्तर ऐकून घ्यायचं. ज्यांच्यासाठी अख्खं कोर्ट उठून उभं राहायचं ते बाबा जेवताना कुठल्या खुर्चीवर बसू म्हणून मला विचारायला लागले होते. मला ते बघवत नव्हतं.

अशात आमच्या मराठी ग्रुपची दिवाळी आली. फराळाची स्पर्धा ठरली आणि ग्रुपचा कारभार बघणारी मैत्रीण थेट घरी आली. "काका, यावेळी आपल्याला रिअल जज मिळालाय. तुम्ही नाही म्हणायचंच नाही. लास्ट इयर रिझल्टवरून इतनी कटकट झाली ना, विचारू नका. यल्ला, चला, डन समजू?"

बाबांनी आढेवेढे घेतले, पण ते घेण्यापुरतेच. ती लिफ्टमध्ये शिरते न शिरते तोच त्यांनी बॅगेच्या तळातून काळा कोट काढला. इस्त्री स्वतः केली. बुटांना पॉलिश केलं. शारजाच्या उकाड्यात काळा कोट कोण घालतं, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही, इतके ते खुशीत होते.

पण इकडे मीही स्पर्धेत नाव दिलं होतं. आईचे अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवून मी पंच्यावर पसरले होते. बाबांना वाटलं घरच्यासाठीच आहेत. बाल्कनीत दमटपणामुळे ते वाळेनात, आत आणले तर एसीने नको इतके कोरडे झाले. पहिला घाणा तुपात विरघळून हसला. मी पुन्हा तांदूळ भिजत घातले. आईचे अनारसे एकदा तरी चार परक्या माणसांनी खाऊन वाहवा करावी, याखेरीज मला काही नको होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवताना माझी लेक म्हणाली, "आजोबा, विल यू गिव्ह मॉम फुल मार्क्स?"

बाबांनी घास ताटात ठेवला. "तू स्पर्धेत आहेस?"

"हो. आईचे अनारसे करतेय."

"मग मी बसू शकत नाही. घरातलं प्रकरण आपल्यापुढे चालवायचं नसतं."

बाबांनी मैत्रिणीला फोन लावला. ती वैतागली. "काका, प्लेटवर फक्त नंबर असतो. किसको पता चलेगा?"

"मला. पहिल्या घासालाच."

"अहो, फूड कॉम्पिटिशन आहे ही, हाय कोर्ट नाही."

"असू दे. बाकीच्यांनीही कष्ट केलेत."

फोन ठेवल्यावर मी तडकले. म्हटलं, "पुन्हा तेच. तुमच्या नियमापायी आईचे अनारसे जन्मभर डब्यात राहिले. तुम्हीच बसा खुर्चीवर. मी नाव मागे घेते."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तू मागे घ्यायचं नाहीस. आयुष्यभर तिनेच मागे घेतलं. या वेळी मी घेतो." आणि कोट कपाटात टांगून आले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि धास्ती बसली. आता अनारसे हरले असते तर बाबांची खुर्चीही फुकट गेली असती.

दुसऱ्या दिवशी तुपात जाळी पडली. अगदी आईच्या अनारशासारखी, खसखस वर आणि कडा लालसर. मी गॅससमोर उभी राहून रडले.

बाबांच्या जागी आमच्याच मजल्यावरच्या मल्याळी शिक्षिकेला बसवलं होतं. कडक बाई. मुलं तिला बघून लिफ्ट सोडून देतात. बाबा हाफ शर्टात हॉलच्या शेवटच्या रांगेत बसले, टेबलाच्या आसपासही फिरकले नाहीत. बाईंनी एकेक पदार्थ चिमूटभर चाखला, मार्क लिहिले. अनारसा मात्र मोडून उजेडात धरला, जाळी बघितली, खाल्ला. पुढच्या प्लेटकडे वळल्या. मग मागे आल्या आणि आणखी एक उचलला. शेवटच्या रांगेत बाबा ताठ बसले.

पहिला नंबर आला. टाळ्या पडल्या, मैत्रिणीने माईक पुढे करून विचारलं, "रेसिपी कुणाची?" मी माईककडे हात नेला. तेवढ्यात बाबा उठून पुढे आले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"हे अनारसे माझ्या बायकोचे. माझ्या नोकरीमुळे ते कधी कुणाच्या घरी गेले नाहीत. त्यात तिची काहीच चूक नव्हती. आज तुम्ही निकाल दिलात, तो मला मान्य आहे."

बायकांनी आम्हाला घेरलं. कसे केले, गूळ की साखर, पीठ किती दिवस मुरवलं. आईला जन्मात कुणी न विचारलेले सगळे प्रश्न मी तिच्या वतीने एकामागून एक घेत होते. इतका अभिमान मला स्वतःच्या कशाचाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी उरलेले अनारसे ताटल्यांत लावले, वर रुमाल घातले आणि मजल्यावरच्या प्रत्येक दाराची बेल स्वतः वाजवली. संध्याकाळी आमची बेल वाजली. शिक्षिकाबाई ताटली घेऊन उभ्या होत्या. बाई गेल्या तरी बाबा ताटली धरून दारातच उभे. मला जुनी भीती वाटली, आता हे ती परत पाठवतात की काय.

त्यांनी रुमाल उचलला. आत केळ्याचे वेफर्स होते. एक तोंडात टाकला.

"मीठ बेताचं आहे," म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या दुसरा घेतला.