उजव्या बाहीची शिवण

जयगडच्या खाडीकाठच्या एका वाडीत तुळसा घरी मशीनवर बायकांचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. नवऱ्याचे शर्टही तीच शिवी. गंगाराम तीस वर्षं मच्छीमार लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख होता. विकतच्या शर्टात त्याचे खांदे मावत नसत.

गेल्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून तो खांद्यावर पंचा टाकून उघडाच पडवीत बसायचा.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचा, सानिकाचा साखरपुडा ठरला. तुळसानं त्याच्या शर्टासाठी आकाशी पॉपलीनचं कापड आणलं. बाही खांद्याशी मुंढ्याला जोडली की मनगटापासून काखेतून कमरेपर्यंत एकच शिवण मारायची असते. डावीकडे तिनं ती मारली. उजवीकडे मोकळं ठेवून नाड्या लावल्या. हात न उचलता बाही नुसती भोवती घेऊन बांधता आली असती.

गंगारामनं नाड्या पाहिल्या.

"ह्या... काय गो?"

"तुमाला दुखणार न्हाय. वरनं बांधायचं."

"मी काय... पाळण्यातला पोर? शिव."

"अवो, पण हात..."

"पावण्यांसमोर... शिव!"

तीन महिन्यांत त्यानं काही मागितलं नव्हतं. तुळसानं नाड्या उसवल्या आणि शिवण मारली.

साखरपुड्याच्या सकाळी पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. अंगणात खुर्च्या सरकत होत्या, मागच्या खोलीत ती त्याला कपडे घालत होती. घाईत तिनं चांगला हात आधी घातला. मग दुसऱ्या बाजूला कापड पुरेना. तिनं उजवा हात कोपराशी धरून बाहीत ओढला, अडकला म्हणून पुन्हा ओढला. खांद्यात काहीतरी सरकलेलं तिच्या बोटांना कळलं. गंगाराम असा ओरडला की अंगणातली कुजबुज एकदम थांबली.

त्याचा भाऊ महिपत रिक्षा घेऊन आला. "सानिकाचं... थांबवू नको," एवढंच गंगाराम म्हणाला. महिपत बापाच्या जागी पाटावर बसला आणि तुळसा नवऱ्याला घेऊन रत्नागिरीला गेली. दवाखान्यात नर्सनं कात्रीनं शर्ट मनगटापासून गळ्यापर्यंत कापला.

"हा हात कधी ओढायचा नसतो," डॉक्टर म्हणाले. "सांगितलं नव्हतं कुणी?"

कुणी सांगितलं नव्हतं. पण नाड्या लावणाऱ्या तुळसाला ते आपलं आपणच कळलं होतं. हे ती डॉक्टरांना म्हणाली नाही.

खांदा बसवला, तरी दुखणं राहिलं. गंगारामनं तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. फक्त ती उजव्या बाजूनं आली की त्याचं अंग ताठ व्हायचं. म्हणून सानिका त्याला कपडे घाली. मे महिन्यात लग्न होऊन ती चिपळूणला गेली, मग महिपत येऊ लागला. पण तो बंदरावर कामाला. पहाटेची पाळी असली की येणं त्याला जमेना.

तुळसानं नाड्यांचे चार शर्ट शिवले. आता गंगाराम नको म्हणाला नाही. रोज सकाळी ती डावीकडून यायची, हात लावायच्या आधी सांगायची, "आता बाही घेतंय हां." आणि तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. ती अगदी हलक्या हातानं एकेक नाडी बांधायची. शेवटची गाठ मारून ती बाजूला झाली की मगच तो डोळे उघडायचा.

ऑगस्टमध्ये तो गेला. तोवर एकाही सकाळी हे बदललं नाही.