राळ आणि माझा हात

डबल बास या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्याच्या गजाला घासायला मी तीन प्रकारच्या राळा आणून पाहिल्या. एक उकाड्यात चिकट व्हायची, दुसरीची नुसती पूड उडायची. तिसरी लावून वाद्यवृंदाच्या तालमीला गेले, तर तार किंचाळली.

"बाई, या वाद्याला पुरुषाचा जोर लागतो," संचालक सगळ्यांसमोर म्हणाले.

मी तोच गज शेजारी बास वाजवणाऱ्या सुहासच्या हातात दिला. त्याच्याही हातून तार तशीच किंचाळली.

"राळ बदला हो," संचालक लगेच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. भात करपो, स्कूटर बंद पडो, बाईच्या हातात वस्तू कधी बिघडतच नाही. बिघडलेली असते ती बाईच.

"सर, मघाशीही हीच राळ होती."

ते कागद चाळू लागले. सुहासने गज पुढे केला, पण मी तो घेतला नाही.

"आधी माफी मागा," मी म्हणाले, आणि सगळी तालीम थांबून राहिली.