पात्यावरचे पांढरे डाग

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पवनचक्कीची फायबरची पाती बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीचं काम करत होते. पात्यावर नाणं वाजवायचं, आवाज बद्द आला तर आत पोकळी आहे असं समजायचं, एवढंच आमचं तंत्र. साच्यात काचेचं कापड अंथरून त्यावर रेझिनचा चिकट द्रव फिरवायचं काम बायका करायच्या. त्यांच्यात सगळ्यात जुन्या म्हणजे सीमेकडच्या खेड्यातून रोज एसटीनं येणाऱ्या एक मावशी. त्यांच्या हातचं पातं आरशासारखं गुळगुळीत असायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात बनवलेलं एक पातं पठारावर बसवल्यावर उभं चिरलं. गिऱ्हाइकानं उरलेली सगळी तपासून मागितली. मालकांनी पुण्याहून उष्णता दाखवणारा कॅमेरा मागवला. पातं मोठ्या दिव्यांनी तापवायचं आणि ते निवताना पडद्यावर बघायचं. आतले थर सुटले असतील तिथं उष्णता खाली उतरत नाही, वरच साठून राहते, आणि तेवढा भाग पांढरा दिसतो.

पहिल्याच पात्यावर पांढरे डाग उमटले. दुसऱ्यावरही. दुपारपर्यंत शेडमधलं एकही पातं धड निघालं नाही. पावसाळ्यात कापडानं ओल धरली होती. वरून, नाणं वाजवूनही, कुणालाच काही कळलं नव्हतं.

मावशी पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "ताई, ह्ये भरून काढता येत न्हाय का?"

"एका जागी असतं तर घासून भरलं असतं. हे सगळीकडं सुटलंय, मावशी."

त्यांनी पडद्यावरच्या एका डागावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या हातचं हाय की ह्ये सगळं."

मी ओलीचं समजावून सांगितलं. त्या पात्याजवळ जाऊन त्यावरून हात फिरवू लागल्या.

मालकांनी दुसऱ्यांदा तपासणी करून घेतली, तरी तेच. गिऱ्हाईक गेलं. नाकारलेली पाती कटरनं कापून टाकताना उडणाऱ्या धुळीनं अंग खाजत होतं, तरी बायका शेडमध्येच थांबल्या. लवकरच शेडला कुलूप लागलं. मी घरी बसले. तसलं काम पुन्हा मिळालं नाही.

काही वर्षांनी जोतिबाला गेले, तर मावशी सुनेच्या नारळाच्या दुकानात बसलेल्या. त्यांनी सुनेला सांगून मला चहा पाजला, मुलांची चौकशी केली. मग हळूच म्हणाल्या, "तवापास्नं कशाला हात लावू वाटत न्हाय बघा. भाकरीसुदिक सूनच करती."

मी पुन्हा कापडाचं, ओलीचं सांगायला लागले.

"मला बरं वाटावं म्हनून सांगताय तुमी," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दुकानावर माणसं आली आणि नारळ द्यायला मावशींनी सुनेला हाक मारली.