नुसतं जाहीर करा

कोर्टात जाऊन काहीच न मागणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. बांधकाम खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या काकांना भरपाई नको, माफी नको, कुणाला शिक्षाही नको. खरं काय ते अधिकृतपणे जाहीर व्हावं, एवढाच त्यांचा हट्ट. स्टँडवर तासभर बस आली नाही की लोक कंट्रोलरला शिव्या देतात, काका खिडकीशी जाऊन शांतपणे म्हणणार, "येईल येईल म्हणू नका. रद्द झाली असं जाहीर करा, मी पायी निघतो." घरीही तेच. एकदा जेवताना म्हणाले, "मीठ मागत न्हाई मी. वरण अळणी हाय, एवढं जाहीर कर." काकू म्हणाल्या, "जाहीर. आता जेवा गुमान."

निवृत्तीनंतर ग्रामपंचायतीच्या कपाटातली जुनी दप्तरं चाळताना त्यांना निजामाच्या काळातला एक नियम सापडला. मुख्य रस्त्यानं वाजतगाजत वरात न्यायची, तर गावच्या पाच वतनदारांची लेखी संमती हवी. वतनं जाऊन जमाना झाला, वतनदार भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसले, पण नियम रद्द करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तहसीलवाले म्हणाले, पोलिसांना विचारा. पोलीस म्हणाले, पंचायतीला विचारा. ग्रामसेवक भला माणूस. तो म्हणाला, "काका, कोण पाळायलंय हो तो नियम?"

"पाळत न्हाईत, तर ठेवलाय कशाला?"

परभणीच्या वकीलबाईंनी सांगितलं की, हा नियम संविधानाच्या विरुद्ध आहे असं हायकोर्टाकडून जाहीर करून घेता येईल. पण आधी त्याचा तुम्हाला अडथळा झाला असं दिसायला हवं, नकार लेखी हवा. काकांनी लगेच वरातीचा अर्ज केला. ग्रामसेवकानं विचारलं, "नवरदेव कोण?" काका म्हणाले, "ते नंतर बघू. आधी नकार द्या." त्या भल्या माणसानं तिथल्या तिथं परवानगी लिहून दिली, वर स्वतः नाचायला येतो म्हणाला. काका सुतकी चेहऱ्यानं घरी आले. असे तीन अर्ज मंजूर झाले. मग ग्रामसेवकाची बदली झाली आणि नवा आला तो कागदाला कागद लावणारा. त्यानं शेरा मारला : पाच वतनदारांच्या संमतीअभावी अर्ज नामंजूर. काकांनी गल्लीत पेढे वाटले. मला म्हणाले, "गुरुजी, लय दिवसांनी सरकारनं काहीतरी स्पष्ट लिहून दिलं."

खंडपीठात सुनावणीला मीही सोबत गेलो. सरकारी वकील म्हणाले, हा नियम आज कुणी वापरत नाही, याचिकाकर्त्याच्या घरी लग्नही नाही. न्यायमूर्तींनी चष्मा वर करून काकांना मराठीतच विचारलं, "लग्न कुणाचं आहे मग?"

"माझं, साहेब," काका म्हणाले. कोर्टात हशा पिकला. "बेचाळीस वर्षं झाली त्याला. वरात वेशीत आली तवा हाच नियम दाखवला आमाला. वाजंत्री बंद केली. नवरीला घेऊन उकिरड्याच्या बाजूनं घरी गेलो आमी. गुपचूप."

हसू विरलं. न्यायमूर्तींनी विचारलं, "मग आता काय हवंय तुम्हाला?"

"काही न्हाई. तवा तो रस्ता आमचाबी होता, एवढं जाहीर करा."

इतकी वर्षं शेजारी राहूनही हे मला माहीत नव्हतं.

निकाल लागला. हा नियम समतेच्या हक्काविरुद्ध असल्यानं संविधान लागू झालं त्या दिवसापासूनच शून्य आहे, असं कोर्टानं जाहीर केलं. काकांनी निकालाची प्रत आणली आणि ओसरीवर मेथी निवडत बसलेल्या काकूंना ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगितली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आपल्या लग्नाच्या दिवशीबी तो नियम नव्हताच?"

"नव्हताच."

"मग आपुन त्या रस्त्यानं का गेलो न्हाई?"

प्रत्येक सरकारी पत्राला उलट टपाली उत्तर देणाऱ्या आमच्या काकांनी कागदाची घडी केली आणि काकूंच्या पुढ्यातली मेथी निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं दळण घेऊन मुख्य रस्त्यानं येताना दिसले. डबा काकांच्या डोक्यावर होता. एरवी ते चार पावलं पुढं चालतात; त्या दिवशी मात्र काकूंच्या बरोबरीनं, अगदी सावकाश चालत होते.