प्लॉटवाले दाजी टीव्हीत गेले

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, मुरुम भागातलं जमिनीच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं प्रस्थ होतं. मोठं म्हणजे त्यांच्याकडं जीप होती, पांढरे सफारी होते आणि कुणी एक प्रश्न विचारला तर तीन उत्तरं तयार असत. मला मुरुमच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी अक्काच्या घरीच राहायला गेले. आमच्या घरात महिन्याचा पगार घेणारी मी पहिली. दाजींना त्याचं भारी कौतुक होतं. मला ते ‘मास्तरीणबाई’ म्हणत आणि मी काही बोलले की लगेच ते दुरुस्त करत. मी ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी ते म्हणायचे, “उकडत न्हाय बाई, तापतंय. दोन्हीत फरक हाय.”

बहात्तरच्या दुष्काळात दाजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. तिथल्या मुकादमाचा धुळीनं घसा बसायचा म्हणून हजेरी पुकारायला त्यानं दाजींना उभं केलं. दाजींचा आवाज असा की पलीकडच्या कामावरची माणसंसुद्धा ‘हजर’ म्हणायची. आपल्या आवाजावर माणसं मान वर करतात, हे त्यांना त्या उन्हात कळलं आणि हातातला हातोडा कायमचा खाली गेला.

पुढं सहकाराचे दिवस आले. तिकडं ढोकीला कारखान्याचा भोंगा होताच, इकडंही साखर कारखाना, सोसायट्या आणि पतपेढ्या निघाल्या. कारकून, कंडक्टर, शिक्षक असा पगारदार माणूस वाढला आणि त्याला गावातल्या गल्लीत जागा मिळेना. दाजींनी उमरग्याच्या वाटेवरचा एक खडकाळ माळ घेतला. तिथं शेळीसुद्धा थांबत नसे. दाजींनी त्यावर प्लॉट पाडले.

प्लॉट विकायची त्यांची तऱ्हा मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी ते चुन्याच्या फक्कीनं माळावर अख्खं घर आखून ठेवायचे. ही बैठक, हे माजघर, हे स्वयंपाकघर. जीपमधून लोखंडी खुर्ची काढून बैठकीत मांडायचे. एकदा एक कंडक्टर बायकोला घेऊन आले आणि सरळ चालत खुर्चीपाशी गेले. दाजी ओरडले, “अवं अवं, भिंतीतनं कुठं निगालाव? दार हिकडं हाय!” कंडक्टर बिचारे मागं फिरले, वळसा घालून फक्की जिथं तुटली होती तिथून आत आले. त्यांच्या मागून त्यांच्या बायकोनं तर चपला बाहेर काढल्या. दाजी माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “मास्तरीणबाई, चपला काढल्या की प्लॉट गेला समजा.” खरोखरच गेला.

एक गोष्ट मात्र दाजींच्या बाजूनं सांगितली पाहिजे. गावात माणूस कुठल्या गल्लीत राहतो यावरून त्याची सगळी कुंडली कळायची. दाजींनी माळावर गल्ल्या ठेवल्याच नाहीत. किराणा दुकानाच्या लिंगायत मालकांच्या शेजारी आमच्याच समाजातले कंडक्टर, त्यांच्या पलीकडं कारखान्याचा मुसलमान फिटर. कुणी दाजींना बाजूला घेऊन ‘शेजार कुणाचा हाय?’ असं विचारलं की ते म्हणायचे, “पगारदाराचा.” 

दुसरा प्रश्न पाण्याचा. त्याला दाजींची तीन उत्तरं अशी : येणार हाय, येऊ लागलंय, आलंच समजा. माळावर घरं उभी राहिली, माणसं राहायला आली, पाणी मात्र अजून येतच होतं. बायका खालच्या मळ्यातून घागरी आणायच्या. उन्हाळ्यात टँकर यायचा, तेव्हा दाजी नेमके परगावी असायचे.

अशात टीव्हीवाल्यांची गाडी आमच्या भागात आली. शेतीच्या कार्यक्रमासाठी त्यांना एका पाझर तलावाचं चित्रण करायचं होतं. टीव्ही पाहिलेली माणसंच गावात मोजकी होती, त्यामुळं बघ्यांची जत्रा जमली. दाजी सगळ्यात नवा सफारी घालून, मला आणि अक्काला जीपमध्ये घालून निघाले. त्यांची खात्री होती की तलावाबरोबर आपल्या वसाहतीचंही चित्रण होणार.

ज्या शेतकऱ्याला बोलायचं होतं, तो कॅमेरा समोर येताच गप्प झाला. कार्यक्रमाच्या साहेबांनी गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, शेवटी पाणी पाजलं. तो नुसता कॅमेऱ्याला हात जोडून उभा. दाजींना राहवलं नाही. ते पुढं झाले आणि म्हणाले, “सायेब, मी सांगतो.” साहेबांनी त्यांना खालून वर बघितलं. “सांगायचं नाही,” ते म्हणाले, “सांगायला आमच्याकडं कृषी अधिकारी आहेत. तुम्ही फक्त विचारायचं. आणि हे कपडे चालणार नाहीत.”

मग बाभळीच्या आडोशाला दाजींचा सफारी उतरला आणि त्या मुक्या शेतकऱ्याचं धोतर आणि पटका दाजींच्या अंगावर चढला. शेतकरी दाजींचा सफारी घालून आमच्या शेजारी येऊन बसला आणि एकदम घडाघडा बोलायला लागला. तिकडं दाजी बांधावर बसून, तोंड भाबडं करून, अधिकाऱ्यांना विचारत होते, “म्हंजी सायेब, पानी जमिनीत मुरतं ते नेमकं जातं तरी कुठं?” अक्कानं पदर तोंडात कोंबला.

साहेब मात्र दाजींवर खूश झाले. थोड्याच दिवसांत शहरातल्या दूरदर्शन केंद्रातून बोलावणं आलं. कार्यक्रमात कायमचा एक साधाभोळा शेतकरी हवा होता. तो तज्ज्ञांना प्रश्न विचारणार आणि त्याच्या निमित्तानं सगळ्यांना उत्तरं कळणार. दाजींच्या नावावर शेत असं काहीच नव्हतं. होता तो माळ, आणि त्याचे प्लॉट पडलेले. तरी ते दर महिन्याला एसटीनं शहराला जाऊन, धोतर नेसून, तुरीवरच्या अळीची चौकशी करून येऊ लागले.

पहिला कार्यक्रम लागायच्या आधी त्यांनी टीव्ही आणला. आम्ही तेव्हा गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढच्या अंगणात टेबलावर टीव्ही मांडला, छपरावर बांबू बांधून अँटेना चढवली. वसाहतीतली सगळी माणसं चटया घेऊन आली. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग दाजी आले. अधिकारी खताबद्दल बोलत होते आणि दाजी मान हलवत ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर अक्का सगळ्यांच्या देखत म्हणाली, “लग्न झाल्यापास्नं पहिल्यांदा तुम्ही कुनाचं तरी पुरं ऐकून घेतलं बगा. त्या टीव्हीवाल्यांना माझा नमस्कार सांगा.”

दाजी प्रसिद्ध झाले, पण धंदा बिघडू लागला. सवय लागली होती विचारायची. मी एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर माळावर होते. कारखान्यातले एक कारकून प्लॉट बघायला आले होते. दाजींनी फक्की मारली, खुर्ची मांडली, त्यांना दारातून आत घेतलं. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात दाजी हनुवटीला हात लावून, अगदी टीव्हीतल्यासारखं स्वतःशीच म्हणाले, “पन मी म्हंतो, हितं पान्याचं कसं?”

कारकून म्हणाले, “व्हय की. कसं?”

दाजींनी बैठकीतली लोखंडी खुर्ची उचलली.  “न्हाय हो,” ते म्हणाले, “पानी न्हाय हितं.” कारकून भिंतीतूनच निघून गेले. परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, “दाजी, आज तुम्ही खरं बोललात.” ते म्हणाले, “चुकून झालं. गावात सांगू नगा.”

त्यानंतर मी त्यांना पुष्कळदा एकटं माळावर हिंडताना पाहिलं. आणि एके दिवशी शहरातून परत आल्यावर त्यांनी वसाहतीतल्या घराघरात जाऊन सांगितलं, “येत्या कार्यक्रमाला सगळ्यांनी या. लेकरंबाळं घेऊन या.” आम्हाला वाटलं, काही बक्षीस मिळालं असणार.

त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दाजी स्वतः सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसले होते. पडद्यावर भूजल खात्याचे साहेब होते, विहीर कुठं घ्यावी हे सांगत होते. पडद्यावरचे दाजी खाकरले आणि म्हणाले, “सायेब, समजा एका मानसानं खडकाळ माळावर प्लॉट पाडले. पानी येतंय म्हनून सांगितलं. लोकांनी घरं बांदली. आन पानी काय आलं न्हाय. तर त्या मानसानं आता काय करावं?”

अंगणातली माणसं वळून मागं दाजींकडं बघायला लागली. पडद्यावरचे साहेब हसले. “आधी सांगा, असा माळावर प्लॉट पाडणारा शहाणा कोण?”

“हाय एकजन,” पडद्यावरचे दाजी म्हणाले. “लई बोलतो.”

अंगणात जे हसू फुटलं त्यात साहेबांचं पुढचं वाक्य बुडालंच असतं, पण अक्कानं सगळ्यांना दटावून गप्प केलं. साहेब सांगत होते की वसाहतीचा सगळ्यात सखल, ओढ्याकडचा कोपरा बघा. उन्हाळ्यातही तिथं करंजाची झाडं हिरवी राहत असतील तर तिथं खोदायला हरकत नाही.

आता सगळ्यांच्या माना वळल्या त्या अक्काकडं. ओढ्याकडचा, करंजाच्या झाडांचा तो कोपरा दाजींनी स्वतःच्या बंगल्यासाठी राखला होता. पाया घालून झाला होता. भाड्याच्या खोल्यांत संसार काढणारी अक्का कितीतरी वर्षं त्या बंगल्याच्या नावावर दिवस काढत होती. दाजींनी हा प्रश्न तिला न विचारता थेट टीव्हीत विचारला होता. आणि आता ते भिंतीला टेकून तिच्याकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर खराखुरा भाबडेपणा होता.

अक्का उठली, टीव्ही बंद केला. “माझं सैपाकघर जिथं धरलंय तितंच खोदा,” ती म्हणाली. “मला तरी पान्याला लांब जावं लागायचं न्हाय.” एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढं बसून रडत होती आणि रडता रडता हसतही होती. “मेल्यानं गावापुढं इचारलं,” ती म्हणाली. “घरात इचारलं असतं तर मी न्हाय म्हनले असते ना!”

विहीर खोदताना वसाहतीतल्या सगळ्यांनी हात लावला. पाणी लागलं, धो धो नाही, पण उन्हाळा निघेल इतकं. पहिल्या दिवशी लिंगायत मालकिणीनं, कंडक्टरच्या बायकोनं आणि फिटरच्या बायकोनं एकामागून एक पोहरे सोडले. कुणी कुणाला बाजूला व्हा म्हटलं नाही. गावच्या विहिरीला ज्यांना कधी हात लावू दिला नव्हता ते माझे वडील हे बघायला गावाकडून मुद्दाम आले होते. स्वतःच्या हातानं पोहरा ओढून ते ओंजळभर पाणी प्याले आणि दाजींना म्हणाले, “जावईबापू, गोड हाय.” दाजींनी त्यांची ओंजळ पुन्हा भरली.

अक्कासाठी दाजींनी शेवटी माळावरच, रस्त्याकडेला दोन खोल्या बांधल्या. प्लॉटचा धंदा हळूहळू सुटला, जीप विकली. टीव्हीत ते आणखी काही वर्षं जात होते, मग कार्यक्रमाची तऱ्हा बदलली आणि बोलावणं थांबलं. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू. कितीतरी दिवस ते संध्याकाळी टीव्ही लावायचे आणि नव्या शेतकऱ्याचे प्रश्न ऐकून ‘ह्याला इचारताच येत न्हाय’ म्हणायचे.

एकदा ढोकीच्या स्टँडवर आम्ही तिघं गाडीची वाट बघत होतो. एका ऊसवाल्यानं दाजींना ओळखलं आणि आपल्या उसाचे शेंडे का वाळतात ते सांगायला सुरुवात केली. आमची गाडी आली. अक्कानं हाक मारली, मी हाक मारली. दाजींनी हातानंच थांबा म्हणून खूण केली. जमीन कशी आहे, बेणं कुठून आणलं, पाणी किती दिवसांनी देता, हे ते एकेक करून विचारत होते. गाडी गेली.

“आता पुढची गाडी?” मी विचारलं.

“ठाव न्हाय,” दाजी म्हणाले, “पन त्याचा ऊस वाचंल असं वाटतंय. उद्या कृषी हापिसात इचारून येतो.”

अक्कानं बाकावर पदर पसरून पेरू कापायला घेतला आणि पहिली फोड त्या ऊसवाल्याला दिली.